माहानची शाहजादा बाग आणि तिच्या पाण्याचा हिशेब

इराण देशाच्या आग्नेय भागात करमान नावाचा प्रांत आहे. त्याच्या पूर्वेस लूत हे ओसाड वाळवंट पसरलेले आहे. उपग्रहांनी २००५ साली केलेल्या मोजणीत या वाळवंटाच्या पृष्ठभागाचे तापमान ७० अंश सेल्सियसहून अधिक आढळले होते. करमान शहरात वर्षाकाठी सुमारे १५० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. सोलापूर-अहिल्यानगरकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस होतो, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे त्या मुलखाची कल्पना येईल. अशा प्रदेशात, करमान शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, माहान गावाजवळ एक बाग आहे. तिला शाहजादा बाग म्हणतात. सुमारे साडेपाच हेक्टर, म्हणजे तेरा-चौदा एकर एवढे तिचे क्षेत्र असून सर्व बाजूंनी उंच भिंत आहे. २०११ साली युनेस्कोने इराणमधील ज्या नऊ बागांना जागतिक वारसा म्हणून एकत्र मान्यता दिली त्यांत हिचा समावेश आहे.

बाग लांबट चौकोनी आहे. लांबी रुंदीच्या तिपटीहून अधिक आहे. खालच्या टोकास दुमजली प्रवेशद्वार, वरच्या टोकास राहण्याचा वाडा आणि या दोहोंच्या मधोमध सरळ रेषेत पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा पाण्याचा पाट, अशी तिची मांडणी आहे. बाहेरचा मार्ग उघड्या, खडीच्या माळावरून जातो. झुडूपदेखील क्वचितच दिसते. द्वारातून आत पाऊल टाकताच प्रथम कानी पडतो तो पाण्याचा आवाज. मग थंडावा जाणवतो, आणि त्यानंतर समोरचा हिरवा बोगदा दिसतो. दोन्ही अंगांस सरू, चिनार इत्यादी उंच वृक्षांच्या रांगा आहेत व त्यांच्या मागील वाफ्यांत डाळिंबासारखी फळझाडे आहेत. प्रेक्षक वर चढत जातो आणि पाणी त्याच्या सामोरे खाली येत असते. वाड्यात आता प्रवाशांच्या उपाहाराची सोय आहे. तेथे बसून मागे वळून पाहिले म्हणजे पाटाच्या रेषेच्या शेवटी प्रवेशद्वार आणि त्यापलीकडे पुन्हा तो करडा माळ दिसतो. वसंत ऋतूत, एप्रिल-मे महिन्यांत, बाग पाहण्यास जाणे चांगले. हिवाळ्यात तेथे कडक थंडी पडते.

ही बाग काजार घराण्याच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकात झाली. तिला आजचे स्वरूप आले ते करमानचा सुभेदार अब्दुल हमीद मिर्झा नासिरुद्दौला याच्या अकरा वर्षांच्या कारभारात. तो राजकुळातील असल्यामुळे ‘शाहजादा’ हे नाव पडले. १८९० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्याचा अंत झाला आणि काम अर्धवट राहिले. वार्ता येताच गवंड्याने हातातील गिलाव्याचे घमेले भिंतीवर फेकले व तो निघून गेला, अशी दंतकथा तेथे सांगतात. प्रवेशद्वाराच्या काही कोनाड्यांत फरश्या बसविलेल्या नाहीत, एवढे मात्र आजही दिसते.

माहान गावाचा आपल्या दख्खनशी जुना संबंध आहे. गावात शाह निअमतुल्लाह वली या सूफी सत्पुरुषाचा दर्गा आहे. त्यांचे निधन १४३१ साली झाले. त्यांच्या समाधीवरील मूळ इमारत १४३६ च्या सुमारास ज्याने बांधविली तो बीदरचा बहमनी सुलतान अहमदशहा होय. आजच्या मराठवाड्याचा व पश्चिम महाराष्ट्राचा बराच भाग त्या वेळी बहमनी राज्यात मोडत असे. या सत्पुरुषाचे पुत्र व नातू पुढे बीदरला येऊन राहिले. माणसांबरोबर विद्याही येते. बीदर येथे जमिनीखालून पाणी आणणारे जुने भुयार आहे, आणि त्याचा नमुना इराणी आहे. ‘बाग’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला व त्यापासून महसुली दप्तरातील ‘बागाईत’ झाला. हौद, नहर आणि अनार हे शब्दही त्याच वाटेने आले.

पाणी कोठून येते

वाळवंटात बाग पाहून बहुतेक प्रेक्षक कारंज्यांचे कौतुक करतात. वस्तुतः कौतुकाची गोष्ट जमिनीखाली आहे. माहानच्या दक्षिणेस जुपार पर्वताची रांग चार हजार मीटरांहून उंच गेली आहे. हिवाळ्यात तिच्यावर बर्फ पडते. ते वितळून पायथ्याच्या वाळू-गोट्यांच्या थरांत मुरते. हे मुरलेले पाणी कनातीच्या वाटे बाहेर आणतात. कनात म्हणजे किंचित उताराचे भुयार. त्याला पंप नाही, इंजिन नाही, मोट नाही. पाणी केवळ उताराने वाहत बाहेर येते.

कनात खोदण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम डोंगराच्या पायथ्याशी जाणता कारागीर एक विहीर खोदतो. तिला पाणी लागले व ते टिकाऊ आहे असे दिसले म्हणजे ती मूळ विहीर ठरते. नंतर जेथे पाणी जमिनीवर आणावयाचे ती खालची जागा निश्चित करतात. भुयाराचे काम या खालच्या मुखापासून सुरू करून वर, मूळ विहिरीच्या दिशेने नेतात. त्यामुळे पाणी लागले तरी ते खोदणाऱ्याच्या मागे वाहून जाते; तो कोंडला जात नाही. वाटेत ठरावीक अंतराने उभ्या विहिरी पाडतात. त्यांतून रहाटाने माती वर काढतात व खाली हवा पोहोचते. काढलेली माती विहिरीच्या तोंडाभोवती कड्यासारखी रचतात, म्हणजे पावसाचे गढूळ पाणी आत शिरत नाही. आकाशातून पाहिले असता अशा मातीच्या कड्यांची ओळच्या ओळ माळावर दिसते. जेथे जमीन ठिसूळ असेल तेथे भाजलेल्या मातीची अंडाकृती कडी बसवून भुयाराला आधार देतात.

उतार फार महत्त्वाचा. तो अधिक झाला तर पाणी भुयाराचा तळ कापून काढते व छत ढासळते. कमी झाला तर गाळ साचतो. लांब कनातींत हजार मीटरांस एखादा मीटर, कधी त्याहूनही कमी, एवढाच उतार ठेवतात. दिवा आणि ओळंबा एवढ्या साधनांवर मैलोगणती हा उतार सांभाळणाऱ्या कारागिरास मुकन्नी म्हणतात. दिव्याची ज्योत मंद झाली की हवा दूषित झाली हे तो ओळखतो. हे काम जिवावरचे आहे. दरड कोसळून माणसे दगावल्याचे प्रसंग प्रत्येक पिढीत घडलेले आहेत. सुभेदाराच्या बागेचे वर्णन करणाऱ्यांनी मुकन्नीची नोंद क्वचितच घेतली, ही खेदाची गोष्ट होय. माहानजवळच्या जुपार येथील गौहररीझ कनात ही २०१६ साली जागतिक वारसा ठरलेल्या अकरा इराणी कनातींपैकी एक आहे. त्यायोगे या कारागिरीला थोडा तरी मान मिळाला.

कनातीचा एक गुण शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. भूगर्भात पाणी भरपूर असेल तेव्हा ती अधिक वाहते, पातळी खाली गेली की तिची धार आपोआप बारीक होते. पातळीच्या खालचे पाणी तिला ओढताच येत नाही. अर्थात दोषही आहे. हिवाळ्यात पिकांना गरज नसतानाही ती वाहतच राहते, आणि दरवर्षी गाळ काढला नाही तर बुजते.

पाण्याची वाटणी

एका कनातीवर अनेक खातेदार असतात. वाटणी वेळेवर होते. इराणमध्ये त्यासाठी तांब्याची वाटी वापरीत. तिच्या तळाला बारीक भोक असे. ती मोठ्या भांड्यातील पाण्यावर सोडीत, आणि ती भरून बुडाली की एक माप झाले असे धरीत. महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात सोडीत असलेले घटिकापात्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे निराळे समजावून सांगणे नको. आपल्याकडे त्याने घटका मोजली, तेथे त्याने पाटाची पाळी मोजली. त्या वाटीपाशी रात्रंदिवस विश्वासू माणूस बसत असे व कोणाची किती मापे झाली याची नोंद ठेवीत असे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील फड पद्धतीत पाटकऱ्याचे काम याच जातीचे आहे. फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरविले जाते, कारण बंधाऱ्याचे पाणी किती आहे हे सर्वांना दिसत असते.

शाहजादा बाग राजपुरुषाची असल्यामुळे तिला पाळीची चिंता नव्हती. परंतु इराणातील अन्य बागांत पाणी बागेत संपत नसे. काशान येथील फिन बागेत झऱ्याचे पाणी हौदांतून व पाटांतून खेळत पुढे शेतांकडे जाते. बाग म्हणजे शेताच्या वाटेवरील एक मुक्काम, अशी ती व्यवस्था होती.

भिंत, झाडे आणि वाफे

बागेतील शांतता ही केवळ मनाची भावना नाही. तिच्यामागे कारणे आहेत. उंच भिंत उष्ण व रेताड वारा जमिनीलगत आत येऊ देत नाही. भिंतीच्या कडेने व पाटाच्या दोन्ही अंगांस उंच झाडे आहेत. त्यांची सावली फळझाडांवर व पाण्यावर पडते. वाऱ्याचा वेग कमी झाला व ऊन अडले म्हणजे पानांतून आणि मातीतून उडून जाणारे पाणी घटते. झाडांच्या बाष्पोत्सर्जनामुळे हवा थंड होते, आणि भिंतीमुळे ती थंड हवा काही काळ आतच राहते. बागेत शिरताच जो गारवा लागतो तो असा तयार होतो.

आपल्या शेतकऱ्यांना दगडी भिंत बांधणे परवडणार नाही, आणि तिची जरुरीही नाही. घट्ट भिंतीला आपटून वारा वरून उलटतो व पलीकडे भोवरे करतो. त्यापेक्षा थोडी विरळ अशी झाडांची रांग अधिक उपयोगी पडते. तिच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी राहतो. शेवरी, सुरू किंवा शेवगा यांची रांग पश्चिमेस व दक्षिणेस लावल्यास डाळिंब, केळी वा पपईच्या बागेस उन्हाळ्यात चांगला आसरा मिळतो. रांग आणि पहिली फळझाडे यांत पुरेसे अंतर ठेवावे, नाहीतर मुळांची ओढाताण होते.

इराणी बागांत वाफे सामान्यतः पायवाटेपेक्षा खोल ठेवतात. त्यामुळे पाणी आपसूक वाफ्यात उतरते, गळालेली पाने आतच कुजतात आणि ओल वाऱ्यापासून दूर राहते. कमी पावसाच्या जागी ही गोष्ट उचलण्यासारखी आहे. आपल्या भारी काळ्या जमिनीत मात्र तिचे अनुकरण करू नये. तेथे पावसाळ्यात खोल वाफ्यात पाणी साचून डाळिंबाच्या मुळांना अपाय होतो. अशा जमिनीत गादीवाफ्यावरच लागवड करावी.

कारंजी कशी उडतात हाही प्रश्न प्रेक्षक विचारतात. वरच्या हौदातील पाणी बंद नळातून खाली आणले की दोन्हींच्या उंचीतील फरकाएवढा दाब मिळतो. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोग्रॅम दाब, असा हिशेब आहे. डोंगर-उतारावर शेत असणाऱ्यांना हाच दाब ठिबक सिंचनासाठी फुकट मिळू शकतो. शेताच्या वरच्या अंगास टाकी बांधली म्हणजे खालच्या झाडांना पाणी देताना वीज लागत नाही. एवढे झाल्यावर हेही सांगितले पाहिजे की उघडे हौद, कारंजी आणि पाटाने सोडलेले पाणी ही राजेलोकांची चैन होती. वाळवंटाच्या उन्हात त्यातील बरेचसे उडून जाते. पाण्याच्या काटकसरीत शाहजादा बाग आजच्या ठिबकाच्या बागेची बरोबरी करू शकणार नाही.

विंधन विहिरी आल्यावर

कनातींची खरी परीक्षा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. करमान प्रांतातील रफसंजान भागात पिस्त्याची लागवड फार वाढली. पिस्त्याला भाव चांगला, म्हणून खोल विहिरी आणि पंप बसू लागले. पंपाने कनातीच्या तळाखालचे पाणी ओढले. प्रथम ज्यांच्याजवळ पंप नव्हते त्यांच्या कनाती आटल्या, मग उथळ विहिरी आटल्या, आणि शेवटी खोल विहिरी अधिक खोल कराव्या लागल्या. पाणी उपसले गेल्याने भूस्तर दबले व जमीन खचली. एकदा दबलेल्या अशा चिकण थरांत पूर्वीइतके पाणी पुन्हा साठत नाही. बागा तोडण्याची पाळी अनेकांवर आली. यात कोणी एक शेतकरी दोषी होता असे म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता योग्य वाटणारा हिशेब केला, पण सर्वांचे पाणी एकच होते.

महाराष्ट्रात याचे प्रत्यंतर दूर जाऊन पाहावयास नको. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा प्रसार झाला. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या. टँकरने पाणी घालूनही पुष्कळ बागा वाचल्या नाहीत. आपला बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात करमानच्या वाळू-गोट्यांसारखी साठवण नाही. पाणी भेगांत व मुरमाच्या थरात राहते आणि लवकर सरते. म्हणून आपल्याकडे चूक लवकर उघडी पडते, आणि चांगला पाऊस झाला की लवकर विसरलीही जाते.

ही चूक बहुधा ऑक्टोबरात होते. विहीर तुडुंब असते, आणि ते पाणी पाहून झाडांची संख्या ठरविली जाते. एक उदाहरण घेऊ. समजा, पंप सेकंदाला ५ लिटर पाणी देतो. ऑक्टोबरात तो दिवसाला ६ तास चालतो, म्हणजे १,०८,००० लिटर पाणी मिळते. ऐन उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकाने रोज ६० लिटर लागतात असे धरले, तर या पाण्यावर १,८०० झाडे जगतील असे वाटते. पण मे महिन्यात तीच विहीर २ तासांत कोरडी पडते व दुसऱ्या दिवशीच भरते. तेव्हा मिळतात ३६,००० लिटर; म्हणजे ६०० झाडांपुरते. उरलेल्या १,२०० झाडांसाठी मग कर्ज काढून नवी विंधन विहीर घेतली जाते, आणि शेजाऱ्याची विहीर आटते. झाडाचे वय, जमीन व बहार यांप्रमाणे ६० लिटरांचा आकडा कमीअधिक होईल. मेच्या पाण्यावर झाडे मोजावयाची, ही रीत मात्र त्यामुळे बदलत नाही.

कनातीचे नमुने पाहण्यासाठी करमानला जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत नहर आणली. ती नहर-ए-अंबरी या नावाने प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात त्याच शहरात दुसऱ्या नहरीच्या पाण्याच्या पडीवर पाणचक्की फिरू लागली व फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाऊ लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर येथे, १६१५ च्या सुमारास झालेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी शहरात आणण्यासाठी पाडलेल्या विहिरींची ओळ तेथे स्पष्ट दिसते. जळगाव जिल्ह्यातील केळी बागाईतदारांना ही जागा एका दिवसात पाहून येता येते. ग्रामसेवकांनी शिवारफेरीसारखी अशी एखादी सहल काढल्यास उपयोग होईल. मात्र नहरीच्या उभ्या विहिरींजवळून जाताना जपावे. काहींची तोंडे उघडी असतात व कडा ठिसूळ झालेल्या असतात.

विहिरीची पातळी मोजण्यास फारसे साहित्य लागत नाही. मीटरच्या खुणा केलेली दोरी व तिच्या टोकास एक जड वस्तू पुरे. जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, म्हणजे वर्षातून चार वेळा, पहाटे पंप सुरू करण्यापूर्वी काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. दरवेळी काठावरील एकाच खुणेपासून मोजावे. त्याच दिवशी पंप किती वेळ चालला व विहीर पूर्ववत भरण्यास किती तास लागले, हेही वहीत लिहून ठेवावे. नवीन कलमांची मागणी रोपवाटिकेकडे नोंदविण्यापूर्वी निदान तीन वर्षांच्या मे महिन्याच्या नोंदी वहीत असाव्यात. स्वतःच्या नोंदी नसल्यास गावातील सरकारी निरीक्षण विहिरीच्या पातळ्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात मिळू शकतात.